परग्रहवासी आले, मग आपले पाथरवट गेले कुठे?

वेरूळच्या कैलास लेण्याचा व्हिडिओ ज्याच्या व्हॉट्सॲपवर कधी आला नाही, असा मराठी माणूस परदेशात सापडणं कठीण. ड्रोनने वरून घेतलेलं दृश्य, मागे गूढ संगीत आणि घोगऱ्या आवाजातला प्रश्न: चार लाख टन दगड, अवघी अठरा वर्षं, हातात फक्त छिन्नी-हातोडा, हे माणसाचं काम असू शकतं का? मग उत्तर येतं. कधी परग्रहवासी, कधी हिमयुगात बुडालेली एखादी महान संस्कृती, तर कधी आपल्याच ऋषींचं हरवलेलं तंत्रज्ञान. खाली काका-मावश्यांचे जोडलेले हात. आणि इथे अमेरिकेत वाढलेली आपली मुलं तोच व्हिडिओ इंग्रजीतून आधीच पाहून बसलेली असतात.

हसून पुढे जावं, असा हा विषय वाटतो. पण मी राहतो त्या देशात गेली काही वर्षं याच विषयावर मोठं सार्वजनिक भांडण चालू आहे. त्यात नेटफ्लिक्स आहे, जो रोगनचा पॉडकास्ट आहे, पुरातत्त्वज्ञांच्या संघटना आहेत आणि इथल्या मूळ रहिवाशांच्या जमातीही आहेत. या भांडणात आपण मराठी माणसं नुसते प्रेक्षक नाही. वेरूळपासून द्वारकेपर्यंतची आपली स्थळं त्यात ओढली गेली आहेत. म्हणून हे प्रकरण नेमकं काय आहे आणि आपण त्यात कुठे उभं राहायचं, हे जरा नीट बघू या.

वाद कशावरून पेटला?

ग्रॅहम हॅनकॉक हे ब्रिटिश पत्रकार. १९९५ मधल्या 'फिंगरप्रिंट्स ऑफ द गॉड्स' या पुस्तकाने ते जगभर गाजले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: हिमयुगात एक प्रगत संस्कृती होती. सुमारे १२,८०० वर्षांपूर्वी धूमकेतूच्या तुकड्यांमुळे महाप्रलय झाला आणि ती नष्ट झाली. वाचलेले लोक जगभर फिरले आणि त्यांनी रानात शिकार करून जगणाऱ्या माणसांना शेती, बांधकाम आणि खगोलशास्त्र शिकवलं. इथे एक गोष्ट त्यांच्या बाजूने सांगायला हवी. आपल्या फिरत्या व्हिडिओंसारखे ते परग्रहवासीयांना मध्ये आणत नाहीत.

नोव्हेंबर २०२२ मध्ये नेटफ्लिक्सवर त्यांची 'एन्शन्ट अपोकॅलिप्स' ही आठ भागांची मालिका आली. दर थोड्या वेळाने एकच पालुपद: 'मुख्य प्रवाहातले' पुरातत्त्वज्ञ तुमच्यापासून काहीतरी दडवत आहेत. त्याच महिन्याच्या शेवटी 'सोसायटी फॉर अमेरिकन आर्किऑलॉजी' या संघटनेने नेटफ्लिक्सला उघडं पत्र लिहिलं. मालिकेला माहितीपट म्हणू नका, तिला विज्ञानकथेच्या रांगेत बसवा, अशी त्यात मागणी होती. शिवाय या प्रकारच्या सिद्धान्तांचं वर्णवर्चस्ववादी विचारांशी जुनं नातं आहे, असाही आरोप होता. हॅनकॉक यांनी तो साफ फेटाळला. नेटफ्लिक्सने वर्गवारी बदलली नाहीच, उलट ऑक्टोबर २०२४ मध्ये दुसरा भाग आणला आणि त्यात अभिनेता किआनू रीव्हज यालाही घेतलं.

मधल्या काळात दोन गोष्टी घडल्या. इंडोनेशियात जावा बेटावर गुनुंग पडांग नावाची टेकडी आहे. वरच्या बाजूला दगडी बांधकामाच्या पायऱ्या-पायऱ्या आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये एका शास्त्रीय नियतकालिकात निबंध आला की या टेकडीच्या पोटातलं बांधकाम पंचवीस हजार वर्षांहून जुनं असू शकतं. जगभर बातम्या झाल्या. मार्च २०२४ मध्ये नियतकालिकाने तो निबंध मागे घेतला. कारण ऐकण्यासारखं आहे. ज्या मातीचं वय मोजलं होतं, त्या मातीत माणसाच्या हाताची एकही खूण नव्हती. माती जुनी होती, यात वाद नाही. पण तुमच्या घराखालची मातीही हजारो वर्षांची असू शकते. म्हणून घर काही हजारो वर्षांचं होत नाही.

दुसरी गोष्ट एप्रिल २०२४ मधली. कार्डिफ विद्यापीठातले पुरातत्त्वज्ञ फ्लिंट डिबल हे जो रोगनच्या पॉडकास्टवर हॅनकॉक यांच्यासमोर बसले. चार तासांहून जास्त वेळ चर्चा झाली. डिबल यांचा सगळ्यात जोरदार मुद्दा दाण्यांचा होता. रानटी गवताचे दाणे पिकले की आपोआप गळून पडतात. माणूस पिढ्यान् पिढ्या पेरणी-कापणी करू लागला की न गळणारं वाण टिकतं आणि हा फरक जळक्या दाण्याच्या देठाशी हजारो वर्षांनंतरही दिसतो. हिमयुगात कुणी प्रगत शेती करत असेल, तर तसे दाणे कुठेतरी मिळायला हवेत. ते मिळत नाहीत. पुरातत्त्वज्ञांनी आजवर जेवढं अभ्यासलं आहे, त्यात अशा संस्कृतीचा पुरावा नाही, हे हॅनकॉक यांनीही तिथे मान्य केलं. त्यांचं म्हणणं एवढंच राहिलं की पाहिलेलं फार थोडं आहे आणि न पाहिलेलं खूप आहे.

एवढ्यावर विषय संपायला हवा होता. पण मार्च २०२५ मध्ये पुन्हा धुरळा उडाला. इजिप्तमधल्या खाफ्रेच्या पिरॅमिडखाली शेकडो मीटर खोल खांब असल्याचा दावा काही इटालियन संशोधकांनी उपग्रहाच्या रडारवरून केला. ते रडार दगडात एवढं खोल बघू शकत नाही, असं तज्ज्ञ सांगत राहिले. तोवर खांबांची रंगीत चित्रं फोनाफोनांवर पोचली होती.

ओहायोतली मातीची टेकाडं

वर्णवर्चस्वाचा आरोप ऐकून पुष्कळांना वाटतं की हे जरा जास्तच झालं. सिनेमासारखी मालिका, त्यात कसला आलाय वर्णभेद? मलाही ओहायोत येण्याआधी तसंच वाटलं असतं. पण इथल्या जमिनीचा इतिहास वाचला की तो आरोप कुठून आला, ते समजतं.

ओहायोत आणि आसपासच्या राज्यांत मातीची प्रचंड टेकाडं आणि बांध आहेत, सगळे माणसांनी टोपल्यांनी माती वाहून घातलेले. सर्पाच्या आकाराचं एक टेकाड चारशे मीटरहून लांब आहे. कोलंबसपासून तासाभराच्या आत नेवार्क गावी एक अष्टकोन आहे. त्याची रचना चंद्राच्या १८.६ वर्षांच्या फेऱ्याशी जुळते. म्हणजे बांधणाऱ्यांनी पिढ्या-दोन पिढ्या आकाश बघून नोंद ठेवली असणार, तीसुद्धा लिपीशिवाय.

एकोणिसाव्या शतकात गोरे वसाहतवाले इथे आले, तेव्हा त्यांना ही टेकाडं दिसली आणि शेजारी शॉनीसारख्या जमाती दिसल्या. या 'रानटी' लोकांचे पूर्वज असं काही बांधू शकतील, हे त्यांच्या पचनी पडेना. मग एक कहाणी तयार झाली: पूर्वी इथे कुणी प्राचीन, सुसंस्कृत, हरवलेली जात राहत होती आणि आजच्या जमातींनी तिला नष्ट केलं. कुणी त्यांना इस्राएलच्या हरवलेल्या टोळ्या म्हटलं, कुणी अटलांटिसचे लोक. ही गंमतीची गोष्ट राहिली नाही. १८३० मध्ये जमातींना मिसिसिपीच्या पलीकडे हाकलण्याचा कायदा झाला. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी काँग्रेसला पाठवलेल्या संदेशात या नाहीशा झालेल्या जातीचा दाखला दिला. अर्थ उघड होता: यांनीही कुणाला तरी हटवूनच जमीन घेतली आहे, मग आपण यांना हटवलं तर बिघडलं कुठे? ओहायोतले शॉनी आज ओक्लाहोमात आहेत.

१८९४ मध्ये सायरस थॉमस यांनी स्मिथसोनियन संस्थेसाठी हजारो टेकाडांची पाहणी करून सिद्ध केलं की ती बांधणारे इथल्याच जमातींचे पूर्वज होते. तोवर जमिनी गेल्या होत्या. नेवार्कच्या त्या अष्टकोनावर तर पुढे गोल्फचं मैदान झालं. २०२३ मध्ये युनेस्कोने या बांधांना जागतिक वारसा म्हटलं आणि दीर्घ न्यायालयीन लढाईनंतर १ जानेवारी २०२५ पासून तो अष्टकोन पूर्णपणे लोकांसाठी खुला झाला. एक हजार सहाशे वर्षांहून जुन्या वेधशाळेत फिरण्यासाठी गोल्फ क्लबच्या वेळापत्रकाकडे बघावं लागत होतं, ते आता थांबलं.

आफ्रिकेत ग्रेट झिम्बाब्वेच्या दगडी भिंतींबाबतही हेच झालं. त्या फिनिशियन लोकांनी बांधल्या, शेबाच्या राणीने बांधल्या, आफ्रिकन माणसांनी सोडून कुणीही बांधल्या असतील, असं गोऱ्या ऱ्होडेशियात सांगितलं जाई. १९२९ मध्ये गर्ट्रूड केटन-थॉम्प्सन यांनी उत्खनन करून त्या आफ्रिकन लोकांच्याच असल्याचं दाखवून दिलं. तरी १९७० च्या दशकापर्यंत तिथल्या सरकारला ते उघड सांगितलेलं खपत नव्हतं. १९८० मध्ये स्वतंत्र झालेल्या देशाने नावच त्या भिंतींवरून घेतलं.

हॅनकॉक वर्णद्वेष्टे आहेत, असं माझं म्हणणं नाही. पण 'हे यांना जमणं शक्य नाही' हे वाक्य जगात बहुतेक वेळा कुणाबद्दल बोललं गेलं, ते बघा. पार्थेनॉन परग्रहवासीयांनी बांधलं, नोत्रदामचे दगड कुणी मंत्राने उचलले, असं फारसं ऐकू येत नाही. शंका घेतली जाते ती इजिप्तवर, पेरूवर, मेक्सिकोवर, जावावर. आणि वेरूळवर.

तज्ज्ञही चुकतात, मग फरक काय?

आता दुसरी बाजू. लोक हॅनकॉक यांच्याकडे वळतात, कारण तज्ज्ञांच्या अहंकाराचे किस्से खोटे नसतात. अमेरिकेत माणूस सुमारे तेरा हजार वर्षांपूर्वी आला, त्याआधी नाही, हे मत इथल्या पुरातत्त्वशास्त्रात कित्येक दशकं ब्रह्मवाक्य होतं. त्याला विरोध करणाऱ्यांना फार सोसावं लागलं. टॉम डिलेहे यांनी चिलीमधल्या मोंते व्हेर्दे इथे १९७७ पासून खोदकाम केलं. त्याहून जुनी वस्ती सापडल्याचं ते सांगत होते. टीकाकारांची तुकडी जागेवर जाऊन बघायला आणि मान हलवायला १९९७ साल उजाडलं. २०२१ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्स इथे माणसांच्या पावलांचे ठसे एकवीस ते तेवीस हजार वर्षांपूर्वीचे असल्याचं जाहीर झालं. त्यावर शंका आल्या, पुन्हा वेगवेगळ्या पद्धतींनी वय मोजलं गेलं आणि ते टिकलं.

म्हणजे प्रस्थापित मत मोडतं. पण ते कसं मोडतं, हे बघण्यासारखं आहे. एकाने जमिनीतून काहीतरी काढून दाखवलं, दुसऱ्याने शंका घेतली, तिसऱ्याने पुन्हा मोजलं. तुर्कस्तानातलं ग्योबेक्ली टेपे हॅनकॉक यांच्या मांडणीत वारंवार येतं. ते साडेअकरा हजार वर्षांपूर्वीचे कोरीव खांब १९९५ पासून खोदून काढले ते क्लाउस श्मिट यांनी, म्हणजे 'मुख्य प्रवाहातल्या' माणसानेच. शेतीआधीच्या शिकारी माणसांनी एवढं बांधलं, हे त्या खोदकामाने सिद्ध केलं आणि पाठ्यपुस्तकं बदलली. लपवायचंच असतं, तर ते खोदलं कशाला असतं?

तज्ज्ञांनी नेटफ्लिक्सला लिहिलेल्या पत्राबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. लेबल बदला, हे सांगणं कमकुवत होतं. ज्याचा धंदाच 'मला गप्प बसवतात' यावर चालतो, त्याला ते पत्र म्हणजे आयतीच जाहिरात झाली. ओहायोच्या सर्पटेकाडावर चित्रीकरणाची परवानगी त्यांना नाकारली गेली, तेही त्यांनी मालिकेत सांगितलं आणि प्रेक्षकांची सहानुभूती मिळवली. त्यापेक्षा डिबल यांनी समोर बसून जळके दाणे दाखवले, ते कितीतरी परिणामकारक होतं. लोकांना उत्तर हवं असतं. दार लावून घेतलं की त्यांना वाटतं, आत नक्की काहीतरी आहे.

कैलासचं गणित

आता आपल्या अंगणात येऊ. मराठी वाचकाला ही भूल नवी नाही. एरिक फॉन डॅनिकेनचं मूळ पुस्तक १९६८ मधलं. बाळ भागवत यांचं 'देव? छे! परग्रहावरील अंतराळवीर!' हे पुस्तक आपल्यापैकी कित्येकांनी शाळेत असताना पांघरुणात शिरून वाचलं आहे. त्यात मजा होती, नाकारण्यात अर्थ नाही. पण मजा वेगळी आणि निकाल वेगळा.

कैलास लेणं, म्हणजे वेरूळचं सोळा क्रमांकाचं लेणं. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळाशी ते जोडलं जातं. त्याची कारकीर्द साधारण इ. स. ७५६ ते ७७३. खोदून काढलेल्या दगडाचा आकडा बहुतेक ठिकाणी दोन लाख टन दिला जातो, व्हिडिओत तो चार लाख होतो. चला, हिशेब करू. दोन लाख टन, सतरा वर्षं, वर्षाला तीनशे दिवस काम. दिवसाला साधारण चाळीस टन होतात. एका पाथरवटाने दिवसभरात शंभर किलो दगड फोडला असं धरा, म्हणजे साधारण दोन बादल्यांच्या आकाराएवढा. मग चारशे माणसं लागतात. व्हिडिओतले चार लाख टन खरे मानले तरी आठशे. मलबा वाहणारे, हत्यारं शेवटणारे लोहार, पाणक्ये, स्वयंपाकी मिळवून दोन-तीन हजारांची वस्ती. अर्ध्या दख्खनवर राज्य करणाऱ्या राजाला हे अशक्य होतं का? महाग होतं, अवघड होतं, अशक्य नव्हतं. शंभर किलो हे माझं गृहीत आहे. तुम्ही ते निम्म्यावर आणा आणि माणसं दुप्पट करा. गणित तरीही कोसळत नाही.

शिवाय सगळं एकाच कारकिर्दीत झालं, असंही अभ्यासक धरून बसलेले नाहीत. हरमान गोएट्झ यांनी ते अनेक राजांच्या काळात विभागलं. डेक्कन कॉलेजचे म. के. ढवळीकर यांनी शैलीचा बारकाईने अभ्यास करून मुख्य मंदिर कृष्णराजाच्या काळातलं आणि आवारातले काही भाग नंतरचे, असं मांडलं. हा खरा वाद. तो कोणत्या स्तंभाची घडण कोणत्या काळातली यावर चालतो आणि त्याला ड्रोन लागत नाही.

खोदलं कसं, हेही गूढ नाही. अजिंठा-वेरूळची अर्धवट राहिलेली लेणी नीट बघितली की कळतं. आधी खोल चर पाडायचे, मधला दगड सुटा करायचा, तो फोडून काढायचा, मग बारीक टाकी चालवायची. अशा लेण्यांत टाकीचे घाव आजही दिसतात. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असं आपण उगाच म्हणत नाही. कैलास वरून खाली कोरलं, म्हणून पराती बांधाव्या लागल्या नाहीत आणि फोडलेला दगड उताराकडे सारता आला. 'वरून खाली' ही व्हिडिओत जी सगळ्यात अचाट गोष्ट म्हणून सांगतात, ती खरं तर कारागिराची सोय होती.

आणि आपल्याकडे कारागिराची आठवणही आहे. 'कथाकल्पतरू' या जुन्या मराठी ग्रंथात कथा आहे की राणीने मंदिराचं शिखर दिसेपर्यंत अन्न न घेण्याचा पण केला. सगळे स्थपती हतबल झाले. मग पैठणचा कोकस पुढे आला आणि म्हणाला, आठवड्यात शिखर दाखवतो. त्याने डोंगराच्या माथ्यापासून कोरायला सुरुवात केली. कथा आहे, इतिहास म्हणून घेऊ नका. पण आपल्या पूर्वजांना त्या लेण्याचं नवल वाटलं, तेव्हा त्यांनी आकाशातून कुणाला बोलावलं नाही, पैठणहून एक हुशार माणूस बोलावला.

त्याहून जुनी साक्ष बडोद्याला मिळालेल्या कर्कराजाच्या ताम्रपटाची. तो इ. स. ८१२-१३ चा, म्हणजे लेण्यानंतर अवघ्या काही दशकांचा. डॉ. रा. गो. भांडारकरांनी त्यातला वेरूळचा उल्लेख या मंदिराशी जोडला. त्यात वर्णन असं की विमानांतून जाणारे देव हे मंदिर बघून थक्क झाले आणि ज्याने ते घडवलं, त्या शिल्पकारालाही नवल वाटलं की हे माझ्या हातून झालं कसं. विमानं आहेत, वाचकहो! पण ती प्रेक्षकांची आहेत. काम करणारा खाली उभा आहे, कपाळावरचा घाम पुसत.

अभिमानाचा दुसरा सापळा

परग्रहवासीयांचा व्हिडिओ आपण हसून सोडतो. पण 'आपल्याकडे सगळं आधीच होतं' हा व्हिडिओ आला की परदेशातल्या माणसाचा हात थरथरतो. दिवसभर परक्या भाषेत स्वतःला सिद्ध करणाऱ्याला संध्याकाळी कुणी तरी सांगावं की तुझे पूर्वज विमानं उडवत होते, तर ते गोड वाटणारच. ती भूक खोटी नाही. तिला दिलेलं अन्न मात्र बघून घ्यावं.

'वैमानिक शास्त्र' या ग्रंथाचं उदाहरण घ्या. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्ये त्याची छाननी केली. भाषा आणि इतर पुराव्यांवरून तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रचलेला निघाला आणि त्यातली विमानं उडण्याजोगी नव्हती. तरीही २०१५ मध्ये मुंबईतल्या सायन्स काँग्रेसमध्ये प्राचीन विमानांवर निबंध वाचला गेला. खंबातच्या आखातातून उपसलेल्या तुकड्यांवरून २००२ मध्ये केंद्रीय मंत्र्यांनी साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या नगरीची घोषणा केली. हॅनकॉक यांनी त्याच वर्षीच्या 'अंडरवर्ल्ड' पुस्तकात ती उचलून धरली. वय मोजलं होतं ते एका लाकडाच्या तुकड्याचं, तेही जिथे भरती-ओहोटीचा जोर प्रचंड आहे अशा समुद्रतळातून वर खेचलेल्या. गुनुंग पडांगची माती आठवा. तीच अडचण.

याउलट द्वारकेला गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतून एस. आर. राव आणि त्यांच्या पथकाने १९८० च्या दशकात पाण्यात उतरून दगड, नांगर, भिंती एकेक करून नोंदवल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने तिथे पुन्हा पाण्याखालची पाहणी सुरू केली. रावांच्या निष्कर्षांवर मतभेद आहेत आणि असायलाच हवेत, कारण मतभेदासाठी हातात नोंदी आहेत.

हे दोन्ही व्हिडिओ, परग्रहवासीयांचा आणि दिव्य तंत्रज्ञानाचा, वरकरणी उलटे वाटतात. एक आपल्याला कमी लेखतो, दुसरा डोक्यावर बसवतो. पण दोघांच्या गोष्टीत एक माणूस गाळलेला असतो: छिन्नी धरणारा. मंत्राने किंवा किरणांनी दगड वितळत असेल, तर पाथरवटाची गरजच काय? ज्यांच्या हातांनी हा महाराष्ट्र घडला, त्यांना आपण जिवंतपणी गावकुसाशी ठेवलं. आता मेल्यावर त्यांच्या कामावरचं नावही पुसायचं का? माझ्या मते या सगळ्या वादातला आपल्यासाठी खरा प्रश्न हाच आहे.

आणि खरं गूढ सड्यावर पडलंय

कुणी म्हणेल, तुम्ही सगळी गंमतच घालवली. मुळीच नाही. गूढ हवं असेल तर कोकणात या.

रत्नागिरी, राजापूर, सिंधुदुर्गापासून गोव्यापर्यंत जांभ्याच्या सड्यांवर हजाराहून अधिक कातळशिल्पं आहेत. माणसं, मासे, पक्षी, वाघ, भौमितिक आकृत्या. राजापूर तालुक्यातल्या कशेळीचा हत्ती जवळपास अठरा मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात इतर प्राण्यांची गर्दी कोरलेली आहे. काही ठिकाणी गेंडा दिसतो, पाणघोडा दिसतो. हे प्राणी आजच्या कोकणात नाहीत. मग कोरणाऱ्याने ते कुठे पाहिले? केव्हा? ही माणसं राहत कुठे होती? काळाबद्दल अंदाज मध्याश्मयुगापर्यंत मागे जातात, पण नक्की उत्तर अजून हाती नाही, कारण उघड्या कातळावरच्या रेषेचं वय मोजणं फार अवघड असतं. याला म्हणतात गूढ.

ही शिल्पं जगापुढे कुणी आणली? रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांचे सोबती. यातलं कुणी पुरातत्त्वाचं प्राध्यापक नव्हे. रिसबूड तर व्यवसायाने इंजिनिअर. सुट्टीच्या दिवशी सडे पालथे घातले, गुराख्यांना विचारलं, रेषांत साचलेली माती झाडली, मोजमापं घेतली. मग राज्याचं पुरातत्त्व खातं सोबत आलं. 'बाहेरच्या माणसाला तज्ज्ञ उभं करत नाहीत' या तक्रारीला याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही. बाहेरचा माणूस नोंदी घेऊन आला, तर दार उघडतं. २०२२ मध्ये यातली नऊ ठिकाणं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, आठ महाराष्ट्रातली आणि एक गोव्यातलं.

या यादीत बारसू आहे. दोन वाघांमध्ये उभ्या माणसाचं तिथलं शिल्प प्रसिद्ध आहे. २०२३ मध्ये त्याच सड्यावर रिफायनरीच्या माती परीक्षणावरून आंदोलन पेटलं, तेव्हा अनेकांनी कातळशिल्प हा शब्द पहिल्यांदा ऐकला. प्रकल्प हवा की नको, यावर घराघरांत मतं वेगळी असतील. पण ज्या कातळावर ही चित्रं आहेत, तोच कातळ चिरेखाणीत कापून विकला जातो, त्यावरूनच रस्ते जातात. एकदा करवत फिरली की प्रश्नही गेला आणि उत्तरही गेलं.

मला सगळ्यात बोचतं ते हे. वेरूळचं न घडलेलं गूढ आपण लाखोंनी फॉरवर्ड करतो. कोकणातलं घडलेलं गूढ सड्यावर ऊन-पावसात पडून आहे. डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी पुणे जिल्ह्यातल्या इनामगावात बारा-पंधरा वर्षं खोदून तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांचं आयुष्य उलगडलं. ते जव पिकवत. मेलेल्या लहान मुलांना दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात ठेवत आणि घराच्या जमिनीखालीच पुरत. लेकरू घराबाहेर जाऊ नये म्हणून असेल का? त्यांनी काही लिहून ठेवलं नाही. पण कोणत्याही बुडालेल्या अटलांटिसपेक्षा ती मडकी मला जास्त काही सांगतात.

तेव्हा पुढचा व्हिडिओ आला की मुलांना ओरडू नका आणि काकांना ग्रुपवर खोडून काढू नका. फक्त विचारा: वय मोजलं ते नक्की कशाचं? ते जिथे सापडलं तिथेच होतं की उपसून आणलं? काम करणारी माणसं जेवत काय होती, त्यांची भांडी, चुली, तुटकी हत्यारं कुठे आहेत? आणि या गोष्टीत श्रेय कुणाकडून काढून कुणाला दिलं जातंय?

पुढच्या भारतभेटीत वेरूळला जाणार असाल, तर गाइडला शिखराबरोबर एखादं अर्धवट राहिलेलं लेणंही दाखवायला सांगा. मुलांना तिथल्या भिंतीवर टाकीचे घाव शोधू द्या. आणि चार दिवस जास्त असतील, तर कोकणात उतरून कशेळीचा हत्ती बघून या. सकाळी किंवा संध्याकाळी जा. ऊन तिरपं असलं की रेषा नीट दिसतात.